सॉफ्टवेअर परवाना : अनेक संगणकांवरील वापर

विकत घेतलेला प्रोग्राम किती आणि कोणत्या संगणकांवर चालवता येईल, हे ठरवणारी अट. वसईतील पापडीसारख्या ठिकाणी हा प्रश्न बहुधा छोट्या व्यवसायात उभा राहतो: लग्नपत्रिका तयार करणारा डीटीपीवाला, जीएसटीचे हिशेब सांभाळणारा लेखापाल. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती संगणकांवर टाकता येईल?’ खरे तर परवाना मोजतो काय, हे आधी विचारायला हवे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’ हे भारतीय भाषांचे फॉन्ट-सॉफ्टवेअर संगणकाला जोडायच्या लॉकसह विकले गेले, तेव्हा मोजणी लॉकची होती. लॉक ज्या संगणकाला, तिथे काम. टॅलीचा ‘सिल्व्हर’ परवाना एक संगणक मोजतो, तर ‘गोल्ड’ एकाच लॅनमधले अनेक संगणक चालवू देतो. नव्या संगणकासोबत आलेले विंडोज त्याच यंत्राला बांधलेले असते. अ‍ॅडोबीचा वैयक्तिक परवाना माणूस मोजतो: दोन संगणकांवर सुरू करता येते, पण दोन्हींवर एकाच वेळी वापरता येत नाही.

‘पैसे मोजले, दोन्ही संगणक माझेच, मग अडचण कसली?’ हा आक्षेप स्वाभाविक आहे, पण तो टिकत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक-प्रोग्रामला साहित्यकृती मानतो, आणि दुसऱ्या यंत्रावर बसवताना नवी प्रत तयार होते. कलम ५२ कायदेशीर प्रतधारकाला सवलत देते, मात्र धंद्याच्या वापरात ती मुख्यतः प्रोग्राम ज्या कामासाठी दिला त्या कामापुरती आणि नुकसानीपासून बचावाच्या राखीव प्रतीपुरती. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग अ‍ॅनॅलिसिस प्रकरणात हाच भेद अधोरेखित केला: ग्राहकाला प्रत वापरण्याची मुभा मिळते, कॉपीराइट मिळत नाही. प्रकरण प्राप्तिकराचे होते, तरी हा भेद इथेही लागू पडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छोट्या दुकानाला प्रत्येक संगणकासाठी परवाना परवडत नाही. ही अडचण खरी आहे. म्हणूनच जिथे भागते तिथे मुक्त परवान्याची साधने घ्यावीत. लिब्रेऑफिस किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता हा फॉन्ट कितीही संगणकांवर बसवता येतो. चोरीच्या प्रतीचा मार्ग मात्र महागात पडतो. जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास कलम ६३-ब नुसार ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. दुकानदाराला ही सवलत नाही.