कारभारीपण (कॅथॉलिक अध्यात्म)

कारभारीपण ही ख्रिस्ती धर्मातील, विशेषतः कॅथॉलिक अध्यात्म व नीतिशास्त्रातील एक संकल्पना आहे. मनुष्याला लाभलेले आयुष्य, वेळ, बुद्धी, कलाकौशल्य, धन आणि निसर्ग या सर्वांचा मूळ मालक परमेश्वर असून मनुष्य त्यांचा केवळ कारभारी आहे, असे ही संकल्पना मानते. म्हणून या देणग्या कृतज्ञतेने स्वीकारणे, निगुतीने जोपासणे, इतरांच्या हितासाठी वापरणे आणि अखेरीस त्यांचा हिशेब देणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य ठरते. व्यवहारात कारभारीपण म्हणजे चर्चला द्यावयाची वर्गणी, असा संकुचित अर्थ अनेकदा घेतला जातो. कॅथॉलिक शिकवणुकीत मात्र त्याची व्याप्ती रोजच्या कामापासून संपत्तीच्या वापरापर्यंत आणि खुद्द चर्चच्या जमाखर्चापर्यंत पोहोचते.

## संज्ञा

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस' असा आहे. 'ओइकोस' म्हणजे घर आणि 'नेमेइन' म्हणजे वाटप करणे, व्यवस्था पाहणे. धन्याच्या घरातील धान्य, नोकरचाकर व पैसा यांची व्यवस्था पाहणारा, पण स्वतः मालक नसलेला माणूस, असा त्याचा अर्थ होतो. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'कारभारी' हा शब्द योजलेला आहे. मराठी वाचकाला तो परका नाही. पेशवाईत बालवयीन सवाई माधवरावांच्या नावे राज्य चालवणारे कारभारीच होते, आणि ग्रामीण बोलीत घरधन्यालाही 'कारभारी' म्हणतात. या दुसऱ्या अर्थात मालकीची छटा मिसळली आहे. बायबलमधील अर्थ पहिल्याच्या जवळचा आहे : अधिकार मोठा, पण तो दुसऱ्याच्या वतीने चालवायचा.

## बायबलमधील आधार

जुन्या करारात पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही परमेश्वराचे आहे, असे स्तोत्रसंहितेच्या २४ व्या स्तोत्रात म्हटले आहे. एदेन बाग मनुष्याच्या हाती दिली ती मशागतीसाठी व राखणीसाठी (उत्पत्ती २:१५). जमीन कायमची विकू नये, कारण ती परमेश्वराची असून इस्राएल लोक तिच्यावर उपरे म्हणून राहतात, असा दंडक लेवीय ग्रंथात (२५:२३) आढळतो. पहिल्या पिकाचे अर्पण आणि दशमांश या प्रथांमागे हीच धारणा आहे.

नव्या करारात विश्वासू कारभारी (लूक १२:४२-४८) आणि अन्यायी कारभारी (लूक १६:१-१३) हे दोन दृष्टांत या विषयाशी थेट निगडित आहेत. पहिल्यात, ज्याला अधिक दिले त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, हे तत्त्व येते. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (४:१०) प्रत्येकाला मिळालेले कृपादान परस्परांच्या सेवेसाठी असल्याचे सांगतो. संत पौल रोमकरांस (१२:६-८) व करिंथकरांस (१ करिंथ १२) लिहिलेल्या पत्रांत निरनिराळ्या कृपादानांची तुलना एका शरीराच्या अवयवांशी करतो.

### तालान्तांचा दृष्टांत

या संकल्पनेचा सर्वाधिक परिचित आधार म्हणजे मत्तयकृत शुभवर्तमानातील (२५:१४-३०) दृष्टांत. परदेशी निघालेला धनी तीन दासांना त्यांच्या योग्यतेनुसार अनुक्रमे पाच, दोन व एक तालान्त सोपवतो. पहिले दोघे रक्कम दुप्पट करतात, तर तिसरा धन्याच्या भीतीने ती जमिनीत पुरतो. तालान्त हे मुळात वजनाचे व पुढे रकमेचे माप होते. एक तालान्त म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सर्वांत कमी मिळालेल्या दासाच्या हातीही सुमारे वीस वर्षांच्या कमाईइतकी रक्कम होती. 'आपल्यापाशी देण्यासारखे काहीच नाही' या सबबीला दृष्टांतात जागा नाही, ती यामुळे.

पैसा जमिनीत पुरून ठेवणे तत्कालीन यहुदी समाजात सुरक्षित मानले जाई. तिसऱ्या दासाने चोरी किंवा उधळपट्टी केलेली नाही. त्याने रक्कम जशीच्या तशी परत केली. तरीही त्याला दोष लागतो. देणगी गमावणे नव्हे, तर भीतीपोटी ती निरुपयोगी ठेवणे हा येथील अपराध आहे, असा अर्थ परंपरेने काढला आहे. इंग्रजीतून मराठीत रुळलेला 'टॅलेंट' हा शब्द आज उपजत गुणवत्ता या अर्थाने वापरला जातो, तो अर्थही याच दृष्टांताच्या विवरणातून आला आहे.

मत्तयच्या याच अध्यायात पुढे अंतिम न्यायाचे वर्णन येते. तेथे भुकेलेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी आणि परक्याला आसरा दिला का, हे प्रश्न विचारले जातात. त्यामुळे देणगीची वाढ कशात मोजायची, याचे उत्तर लगतच्या उताऱ्यात मिळते, असे अनेक भाष्यकार मानतात.

## ऐतिहासिक विकास

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत मालमत्ता समाईक ठेवून गरजेप्रमाणे वाटप होत असल्याचे प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात (४:३२-३५) नमूद आहे. दुसऱ्या शतकात संत जस्टिन याने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. ऐपत असलेले लोक स्वेच्छेने दान देत आणि सभेचा प्रमुख त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगावचे लोक यांना मदत करी, असे तो लिहितो. चौथ्या शतकात कैसरियाचा संत बेसिल याने वापराविना पडून राहिलेल्या अन्नवस्त्रांवर गरजवंताचाच हक्क असल्याचे प्रतिपादन केले.

पोप संत ग्रेगरी पहिला (कारकीर्द ५९०-६०४) याने तालान्तांच्या दृष्टांतावरील प्रवचनात ही कल्पना सामान्य माणसाच्या जगण्यात आणली. समज असलेल्याने गप्प राहू नये, धनवंताने हात आखडू नये आणि कारागिराने आपल्या कसबाचा लाभ शेजाऱ्यालाही द्यावा, असे तो सांगतो. श्रीमंताच्या घरी ज्याची ये-जा आहे, त्याने तेथे गरिबांसाठी शब्द टाकावा, असेही तो म्हणतो. म्हणजे ओळख आणि वशिला हीसुद्धा हिशेब द्यावी लागणारी देणगी ठरते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने खासगी मालकी योग्य ठरवली. परंतु वापराच्या बाबतीत वस्तू सर्वांच्या आहेत असे समजून गरजूंना द्याव्यात, अशी मर्यादा घातली. संत फ्रान्सिस डी सेल्स याने १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भक्तीचा आचार प्रत्येकाच्या व्यवसायाप्रमाणे व परिस्थितीप्रमाणे वेगळा असतो, असे मांडले. त्यामुळे मठाबाहेरच्या प्रापंचिकाचे जीवनही साधनेचे क्षेत्र असल्याचा विचार दृढ झाला.

## आधुनिक शिकवण

पोप लिओ तेरावा याच्या 'रेरुम नोव्हारुम' (१८९१) या परिपत्रकात कारभारीपण कामगार प्रश्नाशी जोडले गेले. ज्याला बाह्य संपत्ती किंवा बौद्धिक गुण विपुल मिळाले, त्याने ते स्वतःच्या उन्नतीसाठी आणि ईश्वरी योजनेचा कारभारी या नात्याने इतरांसाठी वापरावेत, असे त्यात म्हटले असून संत ग्रेगरीच्या उपरोक्त प्रवचनाचाच आधार घेतला आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-१९६५) कृपादाने केवळ धर्मगुरूंना नव्हे, तर सर्व स्तरांतील श्रद्धावंतांना मिळतात, हे स्पष्ट केले. प्रापंचिकांविषयीच्या आदेशपत्रात कृपादानांचा वापर हा त्यांचा हक्क आणि कर्तव्य असल्याचे नमूद आहे. १९९२ च्या 'कॅथॉलिक चर्चची धर्मशिक्षा' या ग्रंथात (परिच्छेद २४०४) मालमत्ता बाळगणारा हा ईश्वरी योजनेचा कारभारी ठरतो, असे सांगितले आहे.

अमेरिकेतील कॅथॉलिक बिशपांनी १९९२ मध्ये या विषयावर स्वतंत्र पत्र प्रसिद्ध केले. वेळ, गुण व धन ही त्रयी त्यानंतर अधिक प्रचलित झाली. त्यातही कारभारीपण म्हणजे निधिसंकलनाची योजना नसून शिष्यत्वाची जीवनशैली होय, यावर भर आहे. पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' (२०१५) या परिपत्रकाने पृथ्वीवरील मानवी सत्ता म्हणजे बेलगाम उपभोगाचा परवाना, हा अर्थ अमान्य केला.

## दैनंदिन आचरण

कृतज्ञता व आत्मपरीक्षण. संत इग्नेशियस लोयोला याच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथातील आत्मपरीक्षणाची पहिली पायरी पापांची उजळणी ही नसून मिळालेल्या उपकारांबद्दल आभार मानणे ही आहे. काय मिळाले याची नोंदच नसेल, तर हिशेब देता येत नाही.

काम व कौशल्य. चर्चमधील गायन, वाचन किंवा धर्मशिक्षणाचे वर्ग हा याचा एक भाग झाला. शिक्षकाने तयारी करून वर्गावर जाणे, परिचारिकेने रुग्णाशी सौजन्याने वागणे, गवंड्याने भिंत ओळंब्यात उभी करणे, हेही कारभारीपणच होय. विश्रांती आणि स्वतःच्या प्रकृतीची काळजी यांचाही त्यात अंतर्भाव होतो, कारण शरीरही देणगीच आहे.

वेळ. कुटुंब, प्रार्थना, रविवारची मिस्सा, आजाऱ्याची भेट आणि वृद्धांचा सहवास यांसाठी दिलेला वेळ दानच मानला जातो. ज्यांच्यापाशी पैसा नाही त्यांनाही हे दान देता येते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची इतरांसाठी केलेली प्रार्थनाही त्यात मोडते.

धन. कॅथॉलिक चर्च दशमांशाची निश्चित सक्ती करत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील २२२ व्या नियमानुसार श्रद्धावंतांनी चर्चच्या गरजा भागवाव्यात, तसेच सामाजिक न्याय वाढवावा व स्वतःच्या उत्पन्नातून गरिबांना साहाय्य करावे. दानाचे मोल रकमेवर ठरत नाही, हे दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेच्या प्रसंगातून (मार्क १२:४१-४४) स्पष्ट होते.

## चर्चचे उत्तरदायित्व

हिशेब देण्याचे बंधन केवळ दात्यावर नाही. धर्मविधिसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे आवश्यक आहे (नियम ५३७). विशिष्ट हेतूसाठी दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरले पाहिजे (नियम १२६७), आणि श्रद्धावंतांनी अर्पण केलेल्या मालमत्तेचा हिशेब व्यवस्थापकांनी श्रद्धावंतांना दिला पाहिजे (नियम १२८७). ज्या धर्मग्रामात जमाखर्च उघड मांडला जात नाही, तेथे कारभारीपणावरील प्रवचन एकांगी ठरते. धर्मगुरू आणि पदाधिकारी हेही धनी नसून कारभारीच आहेत.

## महाराष्ट्र व गोवा

मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा हा सण ऑक्टोबरमध्ये साजरा होतो. त्यात भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. गोव्यातील कणसांच्या फेस्तामागेही पीक ही प्रथमतः देवाची देणगी आहे, हीच भावना आहे. सासष्टीतील राय येथे हे फेस्त ऑगस्टमध्ये होते.

कौशल्याच्या वापराचे एक ठळक उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या जेझुइट धर्मगुरूने मराठी आत्मसात करून ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. वसईत १९१८ मध्ये स्थापन झालेल्या कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेचे पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँकेत रूपांतर झाले. अल्पबचत एकत्र करून ती समाजाच्या उपयोगी आणण्याचा हा प्रयत्न होता. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीचे नेतृत्व केले.

महात्मा गांधींच्या विश्वस्त संकल्पनेशी कारभारीपणाचे साम्य आहे. धनिकाने संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी, असे दोन्ही विचार सांगतात. कारभारीपणात मात्र ही ठेव धनापुरती न राहता प्रत्येक मनुष्याच्या प्रत्येक गुणाला लागू होते.

## टीका व मतभेद

* निधिसंकलनाचे साधन : 'कारभारीपण' हा शब्द वर्गणीच्या आवाहनापुरता वापरला गेल्याने त्याचा आशय पातळ झाला, अशी तक्रार चर्चमधूनच केली जाते.
* समृद्धीचा सिद्धांत : देवाला दिले की तो दामदुप्पट परत करतो, हा विचार कॅथॉलिक शिकवणुकीला मान्य नाही. दान हा प्रतिसाद आहे, गुंतवणूक नव्हे.
* दृष्टांताचे पर्यायी वाचन : काही आधुनिक अभ्यासकांच्या मते दृष्टांतातील कठोर धनी देवाचे प्रतीक नसून तत्कालीन शोषक जमीनदार आहे, आणि तिसरा दास त्याच्या नफेखोरीत सहभागी होण्यास नकार देतो. परंपरागत अर्थाहून हे वाचन भिन्न असले, तरी वाढ कोणाच्या हितासाठी, हा प्रश्न त्यामुळे पुढे येतो.
* 'कारभारी' शब्दाची मर्यादा : निसर्गाच्या संदर्भात या शब्दातून मनुष्य सृष्टीबाहेरचा व्यवस्थापक असल्याचा भास होतो, असा आक्षेप पर्यावरणवादी धर्मचिंतक घेतात.

पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला जागतिक गरीब दिन २०१७ पासून सामान्य काळातील ३३ व्या रविवारी पाळला जातो. तीन वर्षांच्या वाचनचक्रातील पहिल्या वर्षी याच रविवारी तालान्तांचा दृष्टांत वाचला जातो. त्यामुळे त्या वर्षी देणगीचा हिशेब आणि गरिबाचा हक्क हे दोन विषय एकाच उपासनेत समोरासमोर येतात.