उपदेश आणि उपजीविका

अमेरिकेत 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली आणि सुमारे चाळीस लाख माणसे मुक्त झाली; परंतु मुक्त झालेल्या आईने आपल्या उपवर मुलीला कोणती वाट धरण्यास सांगावे, याचे उत्तर तिचे तिलाच शोधावे लागले. पुढील अर्धशतकात ते उत्तर कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील स्त्रियांनी हळूहळू सिद्ध केले, आणि त्याचा इतिहास मला व्यासपीठावरील प्रवचनांपेक्षा न्यूयॉर्क बंदराच्या धक्क्यावर अधिक स्पष्ट दिसतो.

शतकाच्या अखेरीस दक्षिणेतील खेड्यापाड्यांतून दलाल हिंडत असत. उत्तरेकडे सुखाची नोकरी आणि भरघोस पगार मिळेल, अशी आशा दाखवून ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची करारनाम्यावर सही घेत. बोटीचे भाडे आणि स्वतःची दलाली यांचा बोजा त्या मुलीच्या अजून न मिळालेल्या पगारावर चढवीत. आणि मुलगी अनोळखी शहरात उतरली, की कर्जाच्या या फासात अडकलेल्या तिला, जेथून अब्रूनिशी परत येणे दुरापास्त अशा घरी नेऊन सोडण्यासही मागेपुढे पाहत नसत. व्हिक्टोरिया अर्ल मॅथ्यूज या बाईंनी हे सारे जवळून पाहिले. त्या स्वतः 1861 साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या. त्यांचा मुलगा सोळाव्या वर्षीच निवर्तला होता, आणि त्या दुःखानंतर त्यांनी परक्यांच्या मुलींना आपले मानले. 1897 साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘व्हाइट रोज मिशन’ स्थापन केले. बोट लागण्याच्या वेळी मिशनच्या बाया धक्क्यावर हजर राहत, एकट्या उतरणाऱ्या मुलीला दलालाच्या आधी गाठत, निजायला जागा देत, स्वयंपाक आणि शिवणकाम शिकवीत, खात्रीची नोकरी पाहून देत. त्या घरात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाविषयीचा एक निवडक ग्रंथसंग्रहही होता. ज्या मुलीपुढे आजची रात्र कोठे काढावी हाच प्रश्न आहे, तिला आधी पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. पण आपण कोणाच्या वंशातल्या, हे जिला ठाऊक आहे, ती आपली किंमत दलालाच्या तोंडून ठरू देत नाही, हे बाईंनी अचूक ओळखले होते.

हाच विचार पुढे नॅनी हेलन बरोज यांनी संस्थेच्या रूपाने उभा केला. व्हर्जिनियात जन्मलेल्या आणि वॉशिंग्टनमध्ये उत्तम शिकलेल्या या मुलीला तेथील सरकारी शाळांत गृहशास्त्राच्या शिक्षिकेची जागा हवी होती. ती मिळाली नाही. 1900 साली रिचमंड येथे नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शनच्या अधिवेशनात तिने जे भाषण केले, त्यात चर्चची सेवा करू इच्छिणाऱ्या भगिनींना कशी आडकाठी होते, हे तिने पुरुषांच्या भरल्या सभेत सांगितले. त्याच अधिवेशनात स्त्रियांची स्वतंत्र शाखा निघाली, तिच्या चिटणीसपदाचे काम बरोजबाईंकडे आले, आणि ते त्यांनी जवळजवळ अर्धे शतक सांभाळले.

1909 साली वॉशिंग्टनच्या लिंकन हाइट्स भागात, सहा एकर जमिनीवर, त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. पैसा मुख्यतः धुणीभांडी करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायांच्या लहानसहान देणग्यांतून आला. रिचमंडच्या पेढीच्या संस्थापिका मॅगी वॉकर यांनी पाचशे डॉलर दिले. बायबल, स्नान आणि केरसुणी ही शाळेची त्रयी सर्वत्र ठाऊक झाली. तथापि याच शाळेत मुली टंकलेखन, हिशेबनिशी आणि छपाई शिकत. आणि आपल्या वंशाचा इतिहास प्रत्येकीला सक्तीचा असे. मोलकरीण होणे ज्यांच्या कपाळी लिहिले आहे असे जग म्हणे, त्यांना बरोजबाई मोलकरणीचे कामही प्रशिक्षित कारागिराच्या ताठ मानेने करण्यास शिकवीत, आणि त्याखेरीज दुसरे काम निवडण्याची ताकदही देत.

या नीतिनियमांत गोऱ्या समाजाच्या शिष्टाचाराचे अनुकरण होते, असा आक्षेप घेतला जातो. इव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम यांनी 1993 सालच्या आपल्या ग्रंथात या प्रवृत्तीची साक्षेपी मीमांसा केली आहे, आणि तिच्या मर्यादाही दाखवल्या आहेत. आक्षेपात तथ्य आहेच. नीटनेटक्या पोशाखाने वंशद्वेष शमत नाही. परंतु बरोजबाईंचे 1904 सालचे लेखन ज्याने पाहिले, त्याला त्यांना अनुकरणाच्या पुरस्कर्त्या म्हणणे जड जाईल. कातडी उजळ करण्याच्या आणि केस सरळ करण्याच्या हव्यासावर, तसेच बायको गोरटेली हवी म्हणून अडून बसणाऱ्या पुरुषांवर त्यांनी कडक कोरडे ओढले, आणि वर्णापेक्षा शील श्रेष्ठ, हे स्वजनांनाच ठणकावून सांगितले. विवाहयोग्य मुलीला याहून उपयोगी धर्मोपदेश त्या काळी कोणी दिला असेल, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दासमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, आणि केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंच्या देखरेखीखाली निराधार मुलींनी बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवले. सातासमुद्रांच्या अलीकडे-पलीकडे, एकमेकींची ओळख नसतानाही, आश्रय, हातचा धंदा आणि धर्मग्रंथ यांची अशी सांगड पडावी, हे मला फार लक्षणीय वाटते.

बरोजबाईंची खरी कसोटी मात्र स्वजनांकडून लागली. शाळेची मालमत्ता कन्व्हेन्शनच्या नावे व्हावी, असा पुरुष पुढाऱ्यांचा आग्रह वर्षानुवर्षे चालला. बाईंनी पहिल्यापासून ती स्वतंत्र विश्वस्त मंडळाच्या नावे ठेवली होती, आणि हा हक्क त्यांनी सोडला नाही. 1938 साली कन्व्हेन्शनने आपला पाठिंबा काढून घेतला, तरी शाळा चालू राहिली. बाई 1961 साली वारल्या. 1964 साली विश्वस्तांनी शाळेला त्यांचे नाव दिले.