शब्दवेध : विधवा

‘वि’ म्हणजे गेलेला, ‘धव’ म्हणजे नवरा. ‘विधवा’ची ही फोड आपण शाळेपासून खरी मानतो. यास्काच्या निरुक्तातही ती आहे. पण भाषाशास्त्र उलटा क्रम सांगतं. मूळ इंडो-युरोपीय शब्द ताटातूट सुचवणारा. लॅटिन ‘विदुआ’ नि इंग्रजी ‘विडो’ त्याचीच भावंडं. ‘धव’ मागाहून ‘विधवा’तूनच काढला गेला. म्हणजे एकट्या पडलेल्या बाईच्या नावातही नवरा नंतर घुसवला!

नावात असाच घुसलेला पुरुष मार्गारेट ॲटवूडच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) कादंबरीत भेटतो: नायिकेचं नावच ‘ऑफ्रेड’, म्हणजे फ्रेडची. तिथं बायकांवर पहारा बायकाच करतात. आपल्याकडेही कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला बायकाच पुढे होतात, हे कबूल करायला हवं. नियम बाईलाच का, हा जाब बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’त विचारला. वऱ्हाडाला तो अजून झोंबायला हवा.

अमरावती-अकोल्याकडच्या लग्नपत्रिकांत काकू ‘सौ.’ आणि आजी ‘गं. भा.’, काका विधुर झाले तरी ‘श्री.’च. पुढची पत्रिका छापायला द्याल तेव्हा आजीचं नुसतं नाव द्या, आणि सुनेचंही.