पाथरीचा संघर्ष
पाथरीचा संघर्ष : (१५१८–७४). अहमदनगरची निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यातील सीमावाद. बहमनी राज्य फुटल्यावर पाथरी व माहूर ही ठाणी कळीची ठरली. इतिहासकार फिरिश्त्याच्या मते, निजामशाही घराण्याचा मूळपुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला होता. म्हणून बुऱ्हाण निजामशाहाने पाथरीच्या मोबदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. अलाउद्दीन इमादशाहाने नकार देताच त्याने १५१८ मध्ये पाथरी घेतली. १५२७ मध्ये इमादशाहाने गोवळकोंड्याच्या कुतुबशाहाच्या मदतीने ती परत मिळवली. पण बुऱ्हाणने बीदरच्या अमीर बरीदला साथीला घेऊन पाथरी पुन्हा जिंकली, तिचा कोट पाडला आणि माहूरही काबीज केले. इमादशाहाने गुजरातच्या बहादूरशाहाला बोलावूनही पाथरी हाती आली नाही. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशाहाने वऱ्हाड जिंकून इमादशाही संपवली. मात्र १५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबीबीला तेच वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. समकालीन इटलीतील मिलान, व्हेनिस आदी राज्यांप्रमाणेच दख्खनमध्येही बदलत्या युतींवर मुलूख मिळे व जाई.