मजूरमंत्र्याची चार वर्षे

मजुरांचा पुढारी राज्यकर्त्याच्या खुर्चीवर जाऊन बसला म्हणजे मजुरांच्या पदरात काय पडते, हा प्रश्न जगात शंभर वर्षे तरी विचारला जात आहे. इंग्लंडात रॅम्से मॅकडोनल्ड १९२४ साली मजूर पक्षाचा पहिला पंतप्रधान झाला. त्याच गृहस्थाने १९३१ च्या मंदीत बेकारांच्या भत्त्याला कात्री लावण्याचा आग्रह धरला, विरोधकांशी हातमिळवणी करून खुर्ची राखली, आणि त्याच्या पक्षाने त्याला बाहेर काढले. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथे इंग्रजांच्या आरमाराची मोठी गोदी होती आणि गोदीतला कामगार हाच राजकारणाचा कणा. पॉल बोफा हे तेथे १९४७ साली मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान झाले. दोनच वर्षांत त्यांचे सहकारी डॉम मिंटॉफ यांनी त्यांच्याशी फारकत घेतली. पुढे मिंटॉफ १९५५ साली स्वतः त्या खुर्चीवर बसले, आणि १९५८ साली इंग्रजांशी बिनसले तेव्हा राजीनामा देऊन चालते झाले. १९७१ ला पुन्हा निवडून आले ते १९८४ पर्यंत राहिले.

हे झाले परमुलखाचे. आपल्या मराठी मुलखात असा कोण? ना. म. जोशी सुमारे पाव शतक मध्यवर्ती विधिमंडळात मजुरांची बाजू मांडीत राहिले, पण सरकारी बाकावर ते कधी बसले नाहीत. बसले ते बाबासाहेब आंबेडकर. नांदेड काय, लातूर काय, त्यांचा पुतळा पाहिला नाही असा माणूस सापडणार नाही. पण जुलै १९४२ पासून १९४६ च्या मध्यापर्यंत हा माणूस हिंदुस्थान सरकारचा मजूरमंत्री होता, हे आमच्या संघटनेतल्या हमालांना सांगितले तर निम्मे जण तोंडाकडे पाहतात. पंतप्रधानकी आणि ही जागा यांत अंतर आहे, हे आम्ही जाणतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातला सभासद लोकांनी निवडलेला नसे, व्हाइसरॉयने नेमलेला असे; त्याच्या पाठीशी बहुमत नसे, पक्ष नसे. त्या तुटपुंज्या अधिकारात काय झाले आणि काय होऊ शकले नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आधीचा माणूस कसा होता, हे लक्षात घेतल्यावाचून नंतरच्या अडचणी कळावयाच्या नाहीत. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याची पाठराखण केली. त्याच सुमारास मुंबईत गिरण्यांचा मोठा संप चालू होता. त्यात त्यांनी एक अवघड प्रश्न पुढे केला. कापडखात्यात पगार अधिक, पण तेथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. मालकाशी लढताना कामगारांची एकजूट हवी, ही गोष्ट खरी. पण त्या एकजुटीतच सोवळे-ओवळे असले तर काय करावयाचे? हा प्रश्न त्यांनी कामगार चळवळीच्या तोंडावर फेकला, आणि चळवळीला तो आवडला नाही. आजही फारसा आवडत नाही.

१९३६ च्या ऑगस्टात त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत सतरा उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आणले. कोकणातली खोती मोडण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. पुढच्याच महिन्यात मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. नांदेडच्या माणसाला मनमाड काही दूर नाही. गोदावरीकाठच्या आपल्या निजामी रेल्वेचे शेवटचे टोक तेच. त्या परिषदेत त्यांनी कामगारांचे शत्रू दोन सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहांचे विधेयक आणले आणि काही संप बेकायदा ठरविण्याचा घाट घातला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशा आशयाचे भाषण करून बाबासाहेबांनी त्याला विरोध केला, आणि ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा सार्वत्रिक संप पार पाडला.

असा माणूस चार वर्षांनी मजूरखात्यात येतो. आणि कोणत्या घडीला? त्याच जुलै महिन्यात नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, म्हणजे मजूर पक्षाचा संसार आवरला गेला. मजूरखाते हाती आले आणि मजूर पक्ष हातचा गेला, ही गोष्ट एकाच महिन्याची. ७ ऑगस्टला दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांच्या प्रतिनिधींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली; दुसऱ्या दिवशी मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. सारा देश एका वाटेने निघालेला आणि हा गृहस्थ सरकारी मेजाशी बसलेला. त्याबद्दल त्यांना पुष्कळ बोल लागले. आम्ही एवढेच म्हणतो की, मालक आणि मजूर यांनी समोरासमोर बसून बोलावे आणि सरकारने ते ऐकावे, ही कायमची घडी त्या दिवशी बसली. भारतीय श्रम परिषद म्हणून पुढे जी नांदली, ती याच घडीवर.

युद्धकाळच्या भारतरक्षण नियमांनी संपावर बंधने घातली होती. ती १९४२ च्या आरंभीची, म्हणजे बाबासाहेबांच्या आधीची. पण खात्याबरोबर ती त्यांच्या पदरी आली. संपाच्या हक्कासाठी उभा राहिलेला माणूस आता संपबंदीच्या खात्याचा धनी होता.

याहून कठीण प्रसंग कोळशाच्या खाणींचा. १९३७ सालापासून बायांनी जमिनीखाली काम करण्यास बंदी होती. युद्ध पेटले, कोळसा कमी पडू लागला; खाणमजूर अधिक मजुरीच्या लष्करी कामावर, नाहीतर शेतावर निघून गेला. तेव्हा १९४३ साली सरकारने ही बंदी उठविली. नवऱ्याने कोळसा फोडावा, बायकोने पाटी भरून वाहावी, ही जुनी जोडी पुन्हा अंधारात उतरली. डिसेंबरात बाबासाहेब धनबादकडे गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या राहण्याच्या खोल्या पाहिल्या. पुढे फेब्रुवारी १९४४ मध्ये विधिमंडळात सरकारला याचा जाब विचारण्यात आला, तेव्हा उत्तर देण्यास उभे राहिले ते मजूरमंत्री म्हणून तेच. बाळंतपणाच्या भत्त्यासाठी १९२८ साली भांडलेला माणूस बायांना खाणीत उतरविण्याचे समर्थन करीत होता. त्यांचे म्हणणे असे की, ही गोष्ट नाइलाजाची आणि तात्पुरती आहे. शिवाय या कामावर बाईला पुरुषाइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व घातले आहे.

बाबासाहेबांवर प्रेम करणारी माणसे हे पान उलटून पुढे जातात. आम्हांला ते पटत नाही. निर्णय वाईट होता. समान मजुरीचे तत्त्व मोलाचे खरे, पण पोटुशी बाई पाटी घेऊन चढण चढते तेव्हा तत्त्वाने पाटी हलकी होत नाही. राजीनामा देण्याची धमक त्यांच्यात नव्हती असे तर कोणी म्हणू शकणार नाही. हिंदू कोड बिलावरून १९५१ साली त्यांनी कायदेमंत्र्याची जागा सोडलीच. मग १९४४ ला का सोडली नाही? आमचा तर्क असा की, आत बसून जे पदरात पाडून घेता येईल त्याची त्यांनी मनाशी बेरीज मांडली होती. जानेवारी १९४४ च्या अखेरीस खाणमजुरांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला होता. कोळशावर पट्टी बसवून तीतून घरे, दवाखाने, पाणी यांची सोय करावयाची ही योजना. खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाचा कायदाही सुधारला गेला. आणि १ फेब्रुवारी १९४६ ला जमिनीखालची बंदी पुन्हा लागू झाली.

आठ तासांच्या दिवसाविषयी एक खुलासा केला पाहिजे. जयंतीच्या फलकांवर चौदा तासांचे आठ तास केले असे लिहिलेले असते. तसे नाही. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास आणि हंगामी कारखान्यात ६० तास ठरलेले होते. १९४६ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे ४८ आणि ५० झाले. आठवड्याला सहा तास, जिनात दहा तास, हे काही थोडे नव्हे; त्याला फुगवून सांगण्याची गरज नाही. कायदा १ ऑगस्ट १९४६ पासून अंमलात आला तेव्हा बाबासाहेब खुर्चीवर नव्हते. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच त्या एप्रिलात मांडले. कायदा झाला १९४८ साली, दुसऱ्या मंत्र्याच्या हातून.

आणि आपण मराठवाड्याची माणसे या सगळ्यात कोठे होतो? कोठेच नव्हतो. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा निजामाच्या हद्दीत चालत नसे. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचे. मधे बार्शी लाइटची छोटी गाडी धावे. त्या ऑगस्टात बार्शीच्या गिरणीतल्या माणसाला आठवड्याचे ४८ तास कायद्याने मिळाले; त्याच गाडीने लातूरला उतरणाऱ्या जिनातल्या माणसाला तो कायदा लागू नव्हता. नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये भोंगा वाजे तो संस्थानच्या कायद्याने. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले आणि मगच भारताचे कारखाना कायदे हळूहळू इकडे पोचले. उस्मानशाही मिल पुढे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि नंतर बंदही पडली. मोंढ्यातल्या हमालाला तर कारखाना कायद्याने कधीच हात लावला नाही, कारण पाठ हा काही कारखाना नव्हे. त्याच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, तोवर बार्शीच्या त्या ४८ तासांना तेवीस वर्षे होऊन गेली होती.

राहिली एक गोष्ट, आणि संघटना चालविणाऱ्याला तीच अधिक टोचते. मालकाने युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, असे बंधन घालणारे विधेयक बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये मांडले. त्याच वर्षी दिल्लीला कामगार कार्यकर्त्यांपुढे बोलताना त्यांनी सांगितले होते की, नुसत्या युनियनवर थांबू नका, राज्य हाती घेण्याची आकांक्षा धरा. राज्य दूरच; मालकाने युनियनचे पत्र घ्यावे एवढ्यासाठीही कायदा लागत होता. मालकमंडळींनी विधेयकाला विरोध केला, ते लांबत गेले. मंत्रिपद सुटल्यानंतर, १९४७ साली ते संमत झाले. पण अंमलात येण्याची तारीख सरकारने जाहीर केलीच नाही. तो कायदा पुस्तकात पडून राहिला. महाराष्ट्राने १९७१ साली स्वतःचा मान्यतेचा कायदा केला. साऱ्या देशासाठी वाटाघाटीचा हक्क असलेल्या युनियनची तरतूद संसदेने केली ती २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत, विधेयक मांडल्यापासून सत्याहत्तर वर्षांनी. आणि त्याच संहितेने संपापूर्वीच्या नोटिशीचे बंधन सगळ्या उद्योगांवर घातले.