झेड मोटारीचा घरगुती जीर्णोद्धार

जपानच्या निस्सान कंपनीनें १९६९ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत एक नवी मोटार लोकांपुढें मांडली. गाडी दोन माणसांची, पुढचें नाक लांबट, मागची पाठ उतरती आणि सगळी बांधणी वेगाच्या हौसेखातर केलेली. मायदेशीं तिचें नांव 'फेअरलेडी झेड'. या घराण्यांतील आधींच्या उघड्या गाडीस हें नांव कंपनीचे अध्यक्ष कात्सुजी कावामाता यांनीं न्यूयॉर्कच्या एका गाजलेल्या संगीत नाटकावरून दिलें होतें. परंतु अमेरिकेंत कंपनीचा कारभार पाहणारे युताका कातायामा यांना तें मुळींच रुचलें नाहीं. 'सुंदरी' अशा अर्थाचें नांव कपाळीं मिरविणारी गाडी अमेरिकन तरुण विकत घेणार नाहीं, अशी त्यांची खात्री होती. कातायामा हे वरिष्ठांच्या मर्जींतून उतरलेले गृहस्थ. १९६० सालीं त्यांना अमेरिकेस धाडण्यांत आलें तें कांहीं बहुमान म्हणून नव्हे. अशा माणसानें वरिष्ठांचें लाडकें नांव बदलणें म्हणजे धारिष्टाचेंच काम. पण आलेल्या गाड्यांवरील नांवाच्या पट्ट्या त्यांनीं काढावयास लावल्या आणि त्यांच्या जागीं '२४० झेड' अशा पट्ट्या बसविल्या. २४० हा आंकडा एंजिनाच्या सुमारें २४०० घन सेंटिमीटर आकारमानाचा निदर्शक होता.

पुढें पन्नासांहून अधिक वर्षें घरोघरच्या मोटारखान्यांत या गाडीवर जे असंख्य फेरफार होत आले, त्यांतील पहिला असा खुद्द विकणाराच्याच हातून झाला. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मूळची गाडी कोणती आणि बदललेली कोणती, हा वाद याच मोटारीच्या बाबतींत पुढें फार चुरशीचा झाला.

घरगुती कारागिराच्या हातीं ही गाडी इतकी कां सांपडली, याचें पहिलें कारण तिची किंमत. अमेरिकेंत ती ३,५२६ डॉलरांस मिळे. सहा सिलिंडरांचें एंजिन, त्या काळच्या मापाप्रमाणें १५१ अश्वशक्ति, चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा, आणि इंग्लंड-जर्मनींतील नामांकित गाड्यांच्या मानानें दाम पुष्कळच कमी. १९७८ पर्यंत या पहिल्या पिढीच्या पांच लाखांहून अधिक गाड्या झाल्या व त्यांतील बहुतेक अमेरिकेस गेल्या. इतक्या गाड्या झाल्या म्हणजे कालांतरानें त्या जुन्या बाजारांत येणारच. दहाबारा वर्षांत असें झालें कीं, एखाद्या कामकरी तरुणास थोडक्या पैशांत अशी गाडी घेऊन घराच्या आवारांत उभी करतां येऊं लागली.

दुसरें कारण एंजिनाच्या घडणींत आहे. तें साधें व दणकट. झांकण उघडलें कीं दोन्ही बाजूंस हात घालावयास जागा. शिवाय 'एल' या नांवानें ओळखलें जाणारें हें एकट्या झेडचें एंजिन नव्हे. त्याचेंच चारसिलिंडरी व सहासिलिंडरी भाईबंद कंपनीच्या साध्या घरगुती गाड्यांतूनहि बसत. एकाचा भाग दुसऱ्यास लागूं पडे. मोडीच्या आवारांत धूळ खात पडलेल्या भलत्याच गाडीच्या पोटांतून आपल्या गाडीचा उद्धार होईल, ही आशा माणसाला ज्या उत्साहानें कामास लावते, तो उत्साह दुकानांतून नवी वस्तु आणणारास कळावयाचा नाहीं.

परंतु एंजिनाची गोष्ट मागाहून. आधीं गंजाची. जुनी झेड उघडून पाहणाराची पहिली गांठ पडते ती त्याच्याशीं. त्या काळचा पत्रा पातळ, आंतून गंजरोधक लेप जुजबी, आणि अमेरिकेच्या उत्तर भागांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. तें मीठ पाण्याबरोबर पत्र्यांच्या जोडांत शिरलें कीं बसल्या जागीं लोखंड खातें. बॅटरीखालचें तबक आम्लानें कुजतें, पायाखालचा पत्रा गालिच्याखालीं चाळणीसारखा होतो, दाराखालच्या पोकळ पट्ट्या आंतून पोखरतात, मागच्या चाकांवरच्या कमानी व जादा चाक ठेवावयाचा खळगा यांचीहि तीच गत. वरून रंग मात्र चकचकीत! विकणारानें भोंकांत लांबी भरून वर रंगाचा हात फिरविलेला असतो. म्हणून जाणता गिऱ्हाईक गाडीभोंवती फिरतांना लोहचुंबक घेऊन फिरतो. जेथें चुंबक चिकटत नाहीं तेथें पत्रा नाहीं, असें तो समजतो. मग गाडीखालीं उताणा पडून टोच्यानें पट्टी पट्टी टोंचून पाहतो. वरून पसंत पडलेलें स्थळ खालून पाहिल्यावर मोडलें, असे प्रसंग या व्यवहारांत नित्याचे.

हा गंज काढण्याचें काम वाचावयास सोपें व करावयास चिकाटीचें. प्रथम आंतील बैठका, गालिचे, तारा सर्व उतरावयाचें. तळाच्या पत्र्यावर आवाज दबविण्यासाठीं डांबरी थर चिकटविलेला असतो. तो खरवडतां खरवडतां हात दुखून येतात. त्यावर हौशी लोकांनीं एक युक्ति काढली. गोठविलेल्या कर्बाम्ल वायूचे, म्हणजे ज्याला कोरडा बर्फ म्हणतात त्याचे, तुकडे त्या थरावर पसरावयाचे; थर कडक होऊन तडकतो आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यानें खपल्यांसारखा निघतो. मात्र खिडक्यादारें उघडीं ठेवावीं लागतात. कारण बंद जागेंत तोच वायु जिवावर बेततो.

त्यानंतर कुजका पत्रा कापावयाचा. येथें नवशिक्याचा घात होतो. या गाडीला निराळा सांगाडा नाहीं. तळ, बाजू व छप्पर मिळून एकच पेटी झालेली असते, आणि तळाचा पत्रा हा त्या पेटीच्या बळाचा मोठा भाग आहे. तो एकदम कापून काढला तर गाडी मधोमध वांकते आणि मग दारें बसत नाहींत. म्हणून आधीं दारांच्या चौकटींत आडव्या-तिरप्या लोखंडी नळ्या जोडून पेटी आवळून घ्यावी, मग एका बाजूचा पत्रा काढून नवा बसवावा, आणि ती बाजू पुरी झाल्यावरच दुसरीला हात लावावा. पडक्या वाड्याची तुळई बदलतांना गवंडी छताखालीं टेकू देतो, तशांतलाच हा प्रकार. नवा पत्रा जोडतांनाहि एका ओळींत वेल्डिंग करीत गेल्यास उष्णतेनें तो पापडासारखा वळतो. म्हणून येथें एक टांका, तेथें एक टांका, मध्यें निवूं द्यावयाचें. एका तळास कित्येक सुट्ट्या खर्ची पडतात. अर्धी उकललेली गाडी तशीच विकून टाकणारे लोक बहुधा याच टप्प्यावर हरलेले असतात, आणि त्यांना हंसण्याचें कारण नाहीं.

आतां एंजिन. येथें जीर्णोद्धार संपून फेरफार केव्हां सुरू होतो, हें पुष्कळदां करणारासहि उमगत नाहीं. १९७३ च्या २४० झेडला जे दोन कार्बुरेटर होते ते धूर कमी करण्याच्या नव्या नियमांसाठीं बदललेले होते, आणि उष्ण हवेंत त्यांनीं मालकांना भारी छळलें. ते काढून आधींच्या सालांतील गोल डोक्याचे कार्बुरेटर बसविणें ही इतकी सार्वत्रिक चाल झाली कीं तिला कोणी फेरफार म्हणेना. अमेरिकेंतील गाडीस चार गतींची गिअरपेटी होती. पुढच्या २८० झेडएक्स गाडीची पांच गतींची पेटी तेथें बसते, तीहि बसूं लागली. त्याच गाडीचें विजेच्या ठिणगीचें सुधारलेलें यंत्र आलें. १९७५ सालीं २८० झेड निघाली. तिचें २८०० घन सेंटिमीटरांचें एंजिन मूळ एंजिनाच्याच कुळांतलें असल्यानें जुन्या गाडींत बिनबोभाट उतरलें. बाहेरून ओळखूंहि येऊं नये!

पण खरी करामत निराळीच. १९८० च्या सुमारास निस्सानच्या एका घरगुती गाडींत सहा सिलिंडरांचें डिझेल एंजिन येत असे. गाडी अगदीं संथ. तिच्याकडे वळून कोणी पाहत नसे. पण त्या एंजिनाचा क्रँक ८३ मिलिमीटरांची धांव देणारा, आणि २८०० च्या एंजिनांत तो बसविण्याजोगा. २८०० चा ठोकळा ८९ मिलिमीटरांपर्यंत कोरावयाचा, त्यांत डिझेलचा क्रँक, मूळ २४० झेडच्या लांब दांड्या व कंपनीच्याच पुढच्या काळांतील एका चारसिलिंडरी एंजिनाचे दट्टे घालावयाचे, कीं ३१०० घन सेंटिमीटरांचें एंजिन तयार. चार घरच्या चिंध्यांची गोधडी शिवावी तसें हें काम आहे, आणि गोधडीप्रमाणेंच तें ऊबदार झालें. कांहीं लोकांनीं याहि पुढें जाऊन अमेरिकन शेव्हरोलेचें आठ सिलिंडरांचें एंजिन झेडच्या नाकांत कोंबलें. वेग भरपूर मिळाला. परंतु मग ती झेड राहिली कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच.

अशा फेरफारांना कंपनीची फूस होती, हें विसरून चालणार नाहीं. पीट ब्रॉक यांच्या पथकांतील जॉन मॉर्टन यांनीं १९७० व १९७१ अशीं लागोपाठ दोन वर्षें २४० झेडवर अमेरिकेंतील आपल्या वर्गाचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, आणि शर्यतीचे सुटे भाग कंपनीच्या विक्रेत्यांकडे सामान्य गिऱ्हाइकासहि मागवितां येऊं लागले. जपानांत तर १९६९ सालींच 'झेड ४३२' ही गाडी कंपनीनें काढली होती. दर सिलिंडरास चार झडपा, तीन कार्बुरेटर व दोन कॅमशाफ्ट, असा त्या आंकड्याचा अर्थ. १९७१ त 'झेडजी' निघाली. तिला पुढें लांब नाक आणि चाकांवर स्क्रूनीं आवळलेल्या रुंद कमानी. ते स्क्रू लपविण्याचा यत्नहि नव्हता. आज जगभर जुन्या झेडवर ज्या रुंद कमानी दिसतात, त्यांपैकीं पुष्कळ या कमानींच्याच लेकी-नाती.

पूर्व आफ्रिकेच्या सफारी शर्यतींत ही गाडी १९७१ त जिंकली आणि १९७३ त पुन्हां. दुसऱ्या खेपेचे विजयी सारथी शेखर मेहता. युगांडांत जन्मलेले भारतीय वंशाचे गृहस्थ. १९७२ सालीं इदी अमीननें आशियाई लोकांना तेथून हांकून दिलें, आणि पुढच्याच वर्षीं चिखलाच्या व खडकाळ वाटांवर मेहतांनीं झेड पहिली आणली. दुसऱ्या एका निस्सान गाडीचे व त्यांचे दंडाचे गुण अगदीं सारखे झाले होते. नियमांच्या बारकाव्यावर निकाल त्यांच्या बाजूनें लागला.

असो. सरकारी कायद्यानेंहि या हौसेचा आकार ठरविला आहे. कॅलिफोर्नियांत १९७५ व त्यापूर्वीच्या गाड्यांना धुराच्या ठराविक मुदतीच्या तपासणींतून माफी आहे; १९७६ पासूनच्यांना नाहीं. त्यामुळें शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या दोन जवळजवळ सारख्या झेडपैकीं एकीच्या एंजिनाला मालक मोकळ्या मनानें हात घालतो आणि दुसरीच्या मालकाला प्रत्येक नळी जागच्या जागीं ठेवावी लागते.

खुद्द कंपनीनेंहि एकदां जीर्णोद्धाराचा धंदा करून पाहिला. १९९६ त अमेरिकेंतील झेडची विक्री थांबली आणि नांव तर जिवंत ठेवावयाचें. म्हणून १९९७ च्या सुमारास जुन्या २४० झेड विकत घेऊन, पार उकलून, नव्यासारख्या करून सुमारें पंचवीस हजार डॉलरांस विकण्याची योजना निघाली. गाड्या सुरेख झाल्या. पण त्यांची संख्या चाळीसपर्यंतहि पोंचली नाहीं. या कामांत घातलेल्या मजुरीचा मोबदला पदरांत पडत नाहीं, हें घरच्या कारागिरास पहिल्यापासून ठाऊक असतें. कारखान्याच्या हिशेबनिसाला तें परवडत नाहीं.

आणि मग किंमती चढल्या. २०२० च्या जानेवारींत एक अस्पर्श अशी २४० झेड लिलांवांत ३,१०,००० डॉलरांस गेली. हा आंकडा सर्वत्र झाला आणि कित्येक घरगुती मोटारखान्यांत शांतता पसरली असेल. ज्यानें १९८५ त मागच्या कमानी कापून रुंद चाकें बसविलीं, जुनें एंजिन मोडींत देऊन २८०० चें घातलें, त्याची गाडी धांवते उत्तम. पण एंजिनावर क्रमांक ठोकलेला असतो आणि एंजिनाच्या खोलींतल्या धातूच्या पट्टीवरहि तोच कोरलेला असतो. ती पट्टी खोटें बोलत नाहीं. झांकण उघडलें कीं पारखी गिऱ्हाईक प्रथम तिच्याकडे पाहतो, मग ठोकळ्याकडे, आणि मग मालकाच्या तोंडाकडे.

पण त्या माणसास दोष कसा द्यावा? ज्या काळीं अशा गाड्या कवडीमोलानें मोडींत जात होत्या, त्या काळीं त्यानें आपले रविवार घालून एक वांचविली. त्यानें ती आपल्या मनाजोगी केली नसती तर ती वांचवावी असें त्याला वाटलेंच नसतें. आज जिच्या मूळपणाची थोरवी गातात ती गाडी अस्पर्श राहिली ती बहुधा कोणी फारशी वापरली नाहीं म्हणून. वापरणारानें ती बदलली.

मात्र कामाची रीत बदलली आहे, हें खरें. आतां नवी झेड हातीं लागलेला कारागीर पत्रा कापण्यापूर्वीं दहादां विचार करतो. चाकांवरच्या कमानी तो स्क्रूनें बसवितो, ब्रेक व स्प्रिंगा अशा निवडतो कीं उद्यां काढून मूळचे लावतां येतील, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यांत भरतो. मोठें एंजिन घालावयाचा मोह मात्र त्याला आवरत नाहीं. तेव्हां क्रमांकाचें जुनें एंजिन तो उतरवितो, सिलिंडरांत तेल सोडतो, भोंकें बुचांनीं बंद करतो, आणि तेलकट फडक्यांत गुंडाळून मोटारखान्याच्या कोंपऱ्यांत लाकडी घडवंचीवर ठेवतो. वर्षांतून एकदोनदां फडकें उचलून, क्रँक हातानें थोडा फिरवून, तें पुन्हां झांकून टाकतो.