पगारपत्रकातील एक रकाना

पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ हा रकाना असतो. त्याची हकीकत थोड्यांसच ठाऊक आहे. सरकारने मागेल त्याला काम द्यावे, असे वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याचा हिशेब मांडून 1971 साली पुण्यातून लिहिले. वि. स. पागे यांनी तो विचार सांगली जिल्ह्यातील विसापुरास आधीच करून पाहिला होता. 1972 च्या दुष्काळाने निकड पटवली आणि रोजगार हमीस 26 जानेवारी 1979 पासून कायद्याचे बळ आले. पैसा कोठून? 1975 साली नोकरदार-व्यावसायिकांवर हा कर बसला; तितकीच भर सरकारने घालावयाची. खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईसाठी आम्ही कामगार तो आनंदाने देतो. पण घटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला 250 रुपये ठेवली होती, 1988 साली ती 2500 झाली. लक्षाधीशाकडूनही त्याहून दमडी अधिक मागता येत नाही!